रिकाम्या टाकीचा पुरावा

आषाढातल्या एका सकाळी अगस्तीने लाल दिवा लावला आणि तो गप्प झाला. लाल दिवा म्हणजे टाकी भरली. मी टाकी बाहेर ओढली, तर आत थेंब नाही. तळाशी एक मेलेला मुंगळा तेवढा. टाकी पुन्हा खाचेत सरकवली. पुन्हा लाल दिवा, वर तीनदा पीं-पीं. बंद पडलेल्या रेडिओला थापट्या मारणाऱ्या पिढीतली मी, त्यामुळे दोन थापट्याही मारून झाल्या. यंत्र आपल्या मतावर ठाम होतं.

अगस्ती म्हणजे आमचा डिह्युमिडिफायर. नाव शास्त्रीबुवांनी ठेवलेलं. अगस्ती ऋषीने समुद्र पिऊन टाकला ही एक गोष्ट, आणि अगस्तीचा तारा उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळू लागतं ही दुसरी. दोन्ही हिशेबांनी नाव चपखल, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रीबुवा म्हणजे माझे यजमान. घराणं काही शास्त्र्यांचं नव्हे. ज्या शाळेत मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवलं, तिथेच ते संस्कृत शिकवायचे. स्टाफरूमने चिकटवलेलं नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि राहिलं. ते मला वर्गातल्या मुलांसारखं ‘बाई’ म्हणायचे. एकेचाळीस वर्षं आम्ही एकमेकांना अशा नोकरीतल्या नावांनी हाका मारत संसार केला. २०२२च्या फेब्रुवारीत ते गेले.

आम्ही राजापूरचे. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरलं की त्याची बातमी होते. आमच्या वरच्या आळीतल्या घरात पाणी चार महिने रोज शिरतं, पण दारातून शिरत नाही, म्हणून बातमी होत नाही. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. चिरा हा दगड कमी आणि स्पंज जास्त. जूनमध्ये पाणी पितो ते दिवाळीपर्यंत सोडत बसतो. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीवर काडी घासली की गुल निघून येतो पण जाळ येत नाही, डब्यातले पापड डब्यातच सादळतात. माझ्या सासूबाई शेगडीत निखारे घालून वर टोपली पालथी ठेवायच्या आणि टोपलीवर बाळाचे लंगोट वाळवायच्या. तोही एक डिह्युमिडिफायरच, फक्त पाणी गोळा करून दाखवत नसे.

माणसांचं चालून जातं. प्रश्न पुस्तकांचा होता. माजघराशेजारच्या खोलीत शास्त्रीबुवांची नऊशेवर पुस्तकं आणि दोन बासनं पोथ्या. पोथ्यांना लाल कापड, आत वेखंडाचे तुकडे, असा जुना बंदोबस्त होता. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी विनवणी लिहून ठेवत की हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. यातल्या चौथ्या धोक्याची शास्त्रीबुवांना काळजी नव्हती, कारण ते पोथी कुणाच्याच हाती देत नसत. पाण्यापुढे मात्र त्यांनी हात टेकले. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि आमच्याकडे ती जुलैत नव्वदीच्या घरात असते. म्हणून २०१८ साली मुलाने पुण्याहून अगस्ती पाठवला.

आता आमच्या भांडणाविषयी, कारण ते सांगितल्याशिवाय टाकीची गोष्ट पुढे सरकत नाही.

शास्त्रीबुवा रोज तासभर पूजा करायचे आणि मग तासभर न्यायशास्त्र वाचायचे. मी पूजेच्या वेळी पेपर वाचायचे. भांडणाचा मुद्दा पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत एकच राहिला. मी म्हणायचे, “दिसत नाही, मोजता येत नाही, हाकेला ओ देत नाही. मग सरळ ‘नाही’ म्हणायला तुम्हाला अडचण काय?” आणि ते म्हणायचे, “बाई, नुसतं न दिसणं म्हणजे पुरावा नव्हे. न दिसण्यालासुद्धा पुरावा व्हायला लायकी लागते.”

या लायकीला त्यांच्या शास्त्रात नाव आहे. योग्यानुपलब्धी. समोर जमीन आहे, तिच्यावर घडा नाही. घडा नाही हे मला कशावरून कळलं? भाट्ट मीमांसक म्हणतात, न दिसणं हेच इथे ज्ञानाचं वेगळं साधन आहे. त्यांनी ते प्रत्यक्ष, अनुमान वगैरेंच्या पंगतीत सहावं म्हणून बसवलं. नैयायिक म्हणतात, वेगळं साधन कशाला, डोळ्यांनीच घड्याचा अभाव कळतो. आणि अभाव ही त्यांच्या लेखी नुसती कल्पना नव्हे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात द्रव्य, गुण यांच्या बरोबरीने तो सातवा पदार्थ म्हणून मोजला आहे. नसलेल्या घड्यावर या लोकांनी हजार वर्षं भांडण केलं. मला ते ऐकून हसू यायचं. पण एका बाबतीत दोन्ही पक्षांचं एकमत होतं, आणि ती बाब मी हसण्याच्या भरात ऐकलीच नाही. न दिसण्यावरून ‘नाही’ तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा ती वस्तू असती तर नक्की दिसली असती. उजेड हवा, डोळे धड हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असं होत नाही.

हे सगळं ईश्वराला लावून दाखवणारा माणूस म्हणजे मिथिलेचा उदयन, दहाव्या-अकराव्या शतकातला. त्याच्या न्यायकुसुमाञ्जलीचा तिसरा भाग याच प्रश्नावर आहे: ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही, असं म्हणता येईल का? तिथे तो चार्वाकाला एक कोपरखळी मारतो. न दिसणारं सगळं नसतं, असं म्हणणारा चार्वाक घराबाहेर पडला की त्याला बायको, मुलं, पैसाअडका यातलं काहीच दिसत नाही. मग त्याने घरी परत न जाता रस्त्यातच छाती पिटून रडायला हवं. शास्त्रीबुवा बाजारातून पिशवी घेऊन परतले की दारातून ओरडायचे, “बाई, आहात का? मी रडायला सुरुवात करणार होतो.” हा विनोद मी किमान दोनशे वेळा ऐकला असेन.

तर यंत्राकडे. सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडच्या मुलाने यंत्र न बघता, आवाज न ऐकता सांगितलं, “मॅडम, बोर्ड गेला. लाल दिवा म्हणजे बहुतेक बोर्डच असतो. साडेसात हजार, आणि मशिन इकडे पाठवावं लागेल.” फोन ठेवला आणि मला एकदम उपाधी आठवली. तर्कसंग्रहातलं हे उदाहरण जेवताना तोंडी लावायला असायचं आमच्याकडे: धूर दिसला तर आग आहे असं म्हणता येतं, पण आग आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. धूर यायला आगीखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ओलं सरपण. मधल्या मध्ये लपलेल्या या अटीला उपाधी म्हणायचं. ओल्या सरपणाचं उदाहरण सुचायला माणसाने एक पावसाळा कोकणात चुलीपाशी काढलेला असला पाहिजे, असं शास्त्रीबुवांचं ठाम मत होतं. अन्नंभट्ट आंध्रचे असल्याने त्यांचा नाइलाज व्हायचा. बोर्ड गेला तर लाल दिवा लागेल, कबूल. पण लाल दिवा लागला म्हणून बोर्डच गेला? मध्ये काहीतरी ओलं सरपण असणार.

मी चष्मा बदलला, टॉर्च घेतला आणि टाकी खिडकीपाशी नेली.

टाकीच्या डाव्या कोपऱ्यात एक उभी खोबण आहे आणि तिच्यात आगपेटीएवढा पांढरा तरंगा. पाणी चढलं की तरंगा वर जातो. त्याच्या पोटात एक चुंबक आहे. टाकी ज्या कप्प्यात बसते त्याच्या भिंतीमागे, बरोबर त्या उंचीवर, काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पत्र्या असतात. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला कळतं की टाकी भरली. म्हणजे यंत्राला पाणी दिसत नाही. त्याला फक्त चुंबक कळतो. पाण्याविषयीचं त्याचं सगळं ज्ञान तरंग्याच्या भरवशावर.

आणि तरंगा वरच अडकला होता. मे महिन्यात मी मुलाकडे गेले होते. आधीच्या वळवात जमलेलं पाणी टाकीत तसंच राहिलं. त्यावर बुळबुळीत थर धरला, पुढे पाणी आटलं, थर वाळला आणि त्याने तरंग्याला खोबणीच्या वरच्या टोकाला डिंकासारखं चिकटवून टाकलं. नखाने ढकलला तर हलेना. कोमट पाण्यात व्हिनेगर घालून टाकी तासभर भिजवली, जुन्या टूथब्रशने खोबण घासली. हिरवट-तपकिरी सालपटं निघाली, वास कुजलेल्या पालापाचोळ्याचा. मग टाकी हलवली तर तरंगा खोबणीत टक टक वाजू लागला. बसवली. लाल दिवा गेला. पंखा सुरू झाला.

मी खुर्चीवर बसून राहिले. साडेसात हजार वाचल्याचा आनंद होताच, पण मनात दुसरंच चाललं होतं. या यंत्राने रिकाम्या टाकीकडे बघून ‘भरली’ म्हटलं, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ते खोटं बोलत नव्हतं. त्याच्यापाशी असलेल्या एकुलत्या एक साधनाने जे सांगितलं ते त्याने पुढे सांगितलं. मग मी एकेचाळीस वर्षं जे ‘नाही, नाही’ म्हणत आले, ते कुठल्या साधनाच्या भरवशावर? आणि ते साधन मी कधी भिजवून, घासून बघितलं होतं का?

हा विचार फार वेळ टिकला नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी निघाली.

रात्रभर पंखा चालू, दिवा हिरवा, पाणी शून्य. पडद्यावर आकडा बावन्न. मी यंत्राला पंचावन्न टक्क्यांवर ठेवलं होतं. म्हणजे त्याच्या मते खोली पुरेशी कोरडी होती आणि पाणी काढायचं कारणच नव्हतं. इकडे माझ्या हाताला पुस्तकांचे पुठ्ठे चिकट लागत होते. आदल्या दिवशी त्याला नसलेलं पाणी दिसत होतं. आज असलेलं दिसेना.

सुदैवाने मी निवृत्त झाले तरी प्रयोगशाळा निवृत्त झालेली नाही. दोन साधे तापमापक काढले. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली, पट्टीचं दुसरं टोक वाटीतल्या पाण्यात सोडलं आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात टांगले. ओल्या पट्टीतलं पाणी उडतं तसा तो तापमापक थंड होतो. हवा कोरडी असेल तर जास्त, दमट असेल तर कमी. कोरडा सत्तावीस, ओला साडेपंचवीस. फरक दीड अंशाचा. कोष्टकात बघितलं: अठ्ठ्याऐंशी टक्के. यंत्र म्हणतंय बावन्न.

आता दोन साक्षीदार, आणि दोघांचं जमत नाही. खरा कोण? मुलाने कधीतरी पाठवलेला एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक कपाटात पडून होता. तो तिसरा. पण त्याच्यावर तरी विश्वास का ठेवायचा? इथे स्वयंपाकघरातलं मीठ उपयोगी पडलं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून द्यायचे. आतली हवा मिठाशी जुळवून घेते आणि पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. आपल्याकडच्या तापमानाला पंचाहत्तरच; मीठ राजापूरचं असो की गुजरातचं, त्यात फरक पडत नाही. बारा तासांनी माझ्या मापकाने बहात्तर दाखवलं. म्हणजे हा तीनने कमी सांगतो. तो पुस्तकांच्या खोलीत ठेवला. पंच्याऐंशी. अधिक तीन, अठ्ठ्याऐंशी. ओल्या पट्टीची साक्ष खरी निघाली.

मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते खोटं ठरेपर्यंत खरं धरायचं. नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून तपासावं लागतं. त्यावर लगेच प्रश्न येतो: तपासणाऱ्याला कोण तपासणार? मापकाला मिठाने तपासलं, मग मिठाला कशाने? ही शिडी वर कुठे संपतच नाही. शास्त्रात तिला अनवस्था म्हणतात. नैयायिकांचं उत्तर मला पूर्वी फार गावंढळ वाटायचं. तहानलेला माणूस पाणी दिसलं म्हणून पुढे जातो. ओंजळीत पाणी आलं आणि तहान भागली तर ज्ञान खरं होतं, वाळू हाती आली तर मृगजळ. काम झालं की तपासणी थांबवायची. त्या दिवशी हातात मिठाची पिशवी घेऊन मला वाटलं, यात गावंढळ काय आहे? मी तरी आयुष्यभर प्रयोगशाळेत दुसरं काय केलं? घरात एक नैयायिक होता असं आम्ही धरून चाललो होतो. बहुधा दोन होते.

गंमत म्हणजे शास्त्रीबुवा स्वतः यंत्रासमोर पक्के मीमांसक. पडद्यावर पंचावन्न आलं की “पंचावन्न झाले, बाई” असं पोथी वाचल्यासारखं जाहीर करायचे. तपासायचं कधी त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, हे कबूल करते.

पुढची दुरुस्ती थोडक्यात सांगते. जाळीमागचा आर्द्रतेचा सेन्सर धुळीने आणि बुरशीने माखलेला निघाला. मऊ ब्रशने झाडला, तरी तो अठ्ठ्याऐंशीच्या जागी साठच सांगायचा. त्याला मी साक्षीतून वगळलं आणि यंत्र अखंड चालण्याच्या सेटिंगवर टाकलं. तर कॉम्प्रेसर नुसता हुंकार भरून टक् करून बंद पडायचा. पाच मिनिटांनी पुन्हा हुं, पुन्हा टक्. बाजारात फ्रिज दुरुस्त करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे, पदार्थविज्ञानात दोनदा नापास झालेला. त्याने हुंकार ऐकूनच सांगितलं, “बाई, कॅपॅसिटर. लाइट सारखी कमी-जास्त होते ना, टिकत नाहीत.” उघडला तर डबी फुगलेली होती. तुम्ही हात लावू नका, प्लग काढला तरी यात करंट राहतो, असं त्याने मला बजावलं. कॅपॅसिटरचा धडा मीच त्याला शिकवला होता. मी हात मागे घेतला.

दुपारी तीन वाजता अगस्ती खऱ्या अर्थाने सुरू झाला. आतल्या थंड नळ्यांवर आधी धूसर ओल आली, मग टिपके, मग टिपके एकमेकांत मिसळून घरंगळू लागले. ओल गळलेली हवा पुढे गरम नळ्यांवरून जाऊन बाहेर पडते, त्यामुळे खोली कोरडी होता होता उबदारही होते. पहिला थेंब टाकीत पडल्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला.

त्या रात्री मी एक हिशेब केला, जो इतक्या वर्षांत केला नव्हता. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे सुमारे चौतीस घनमीटर हवा. सत्तावीस अंशांना अठ्ठ्याऐंशी टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरमागे साधारण तेवीस ग्रॅम वाफ. सगळ्या खोलीच्या हवेत मिळून पाऊण लिटरच्या जरा वर पाणी. एवढंच! आणि पहिल्या चोवीस तासांत टाकीत आठ लिटर जमलं. दारं-खिडक्या बंद होत्या. काही फटींतून आलं असेल, पण बाकीचं कुठून आलं? चिऱ्यांतून, कपाटाच्या लाकडातून, गादीतून, आणि शास्त्रीबुवांच्या नऊशे पुस्तकांतून. हवा कोरडी होईल तसं कागद पाणी सोडत होते. ते पाणी तिथेच होतं. मी रोज त्या खोलीत झाडू मारत होते आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

शास्त्रीबुवा असते तर इथे त्यांनी टाळी मागितली असती. आणि मी दिली नसती. कारण माझा आक्षेप तयार आहे. पाणी दिसलं नाही, पण शेवटी टाकीत जमलं, मोजता आलं. योग्यतेची अट लावून तुम्ही काहीही वाचवू शकता. कोकणातलं प्रत्येक भूत याच वाटेने निसटतं: ते दिसण्याजोगं नाही, म्हणून न दिसण्याने खोटं ठरत नाही. शास्त्रकारांना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने, म्हणजे उदयनाच्या विरुद्ध तंबूतल्या माणसाने, सातव्या शतकात हाच मुद्दा मांडला, आणि त्या परंपरेचं नेहमीचं उदाहरण पिशाचाचंच आहे. जी वस्तू स्वभावानेच आपल्या आटोक्याबाहेर आहे ती दिसली नाही, तर त्यातून ‘नाही’ हा निर्णय निघत नाही; ‘आहे’ हाही निघत नाही; उरतो तो संशय. म्हणजे देव मानणारा उदयन आणि न मानणारा धर्मकीर्ती या एका मुद्द्यापुरते शेजारी शेजारी बसतात. पुढे देव आहे हे सिद्ध करायला उदयनाला वेगळी अनुमानं द्यावी लागतात आणि ती मला आजही पटत नाहीत. हे जग कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असणार, हे मला लाल दिवा म्हणजे बोर्ड या जातीचं वाटतं.

पण ‘नाही’ म्हणण्याची योग्य जागा कोणती, हे मला राजापुरातच रोज शिकता आलं असतं. उन्हाळे गावातली आमची गंगा. चौदा कुंडं, कधी एका रात्रीत भरतात, काही आठवडे वाहतात आणि आटतात. पूर्वी तीन वर्षांनी येते म्हणायचे, आता ती वेळापत्रक पाळत नाही. जमिनीखाली वक्रनलिकेसारखी रचना असावी, हा तर्क मी फळ्यावर आकृती काढून कित्येक तुकड्यांना शिकवला. कुंडाच्या काठावर उभं राहून खाली बघितलं, तळाचा दगड उन्हात कोरडा दिसला, की ‘आज कुंडात पाणी नाही’ हे ठामपणे म्हणता येतं. उजेड आहे, डोळे आहेत, पाणी असतं तर दिसलंच असतं. पण तेवढ्यावरून दगडाखाली पाणी नाही असं म्हणणारीला मी परीक्षेत शून्य दिलं असतं. गावातली माणसं ‘गंगा नाही’ असं म्हणतच नाहीत. ‘गंगा गेली’ म्हणतात.

आता जे सांगणार आहे ते मी मुलालाही सांगितलेलं नाही. फेब्रुवारीतल्या त्या आठवड्यात, कोल्हापूरच्या एका दवाखान्याच्या जिन्यात, रात्री अडीचच्या सुमारास मी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून. कुणाला जोडले ते माहीत नव्हतं, म्हणून समोरच्या खिडकीलाच जोडले. काय मागितलं ते उघड आहे. तिसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हापासून ती रात्र मी पुरावा म्हणून जपून ठेवली होती. मी हाक मारली, ओ आली नाही, प्रयोग संपला. कुणी देवाचं नाव काढलं की मनातल्या मनात ती वही उघडायचे.

त्या पुराव्याची लायकी मी या आषाढात पहिल्यांदा तपासली. एकच वाचन. उपकरण तीन रात्री न झोपलेलं. उत्तर आलं असतं तर ते कोणत्या रूपात येणार होतं, हे आधी ठरवलेलं नव्हतं. त्यांनी बरं होणं हेच उत्तर, असं मी गृहीत धरलं होतं. बारावीच्या मुलीने अशी वही आणली असती तर मी तिला ‘पुन्हा करा’ असा शेरा देऊन परत पाठवलं असतं. हा पुरावा सादळलेला आहे. तो मी मागे घेते. मागे घेतल्याने मी आस्तिक झाले असा अर्थ कुणी, विशेषतः माझ्या धाकट्या नणंदेने, काढू नये. देवघरात दिवा अजून मी लावत नाही. सून सुट्टीला आली की ती लावते. मी ‘नाही’वरून संशयावर आले आहे, एवढंच. न्यायसूत्रांत ज्या सोळा गोष्टी जाणून घ्यायला सांगितल्या आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसरा नंबर संशयाचा आहे, ही माहितीही मला ते गेल्यानंतर त्यांच्याच पुस्तकातून मिळाली. जिवंतपणी सांगितली असती तर कदाचित तडजोड झाली असती. पण मग जेवताना बोलायला काय उरलं असतं!

तर्कसंग्रहाची आठल्ये आणि बोडस यांची प्रत, मुंबईच्या संस्कृत मालेतली १८९७ सालची, बुरशीतून वाचली आहे. पुठ्ठा डागाळला, पानं कोरड्या ब्रशने झाडून पंख्याखाली उभी करून ठेवली. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात आणखी शिरते. आणि तुमचं यंत्र टाकी भरली म्हणून अडून बसलं, तर बोर्डाचे पैसे भरण्याआधी तरंगा हलतो का ते बघा.

कॅपॅसिटरचे दोनशे ऐंशी रुपये झाले. मजुरी त्याने घेतली नाही. मी शंभराची नोट त्याच्या काउंटरवर मल्टीमीटरखाली ठेवून आले. आज सकाळी टाकीत पावणेतीन लिटर होतं, आणि मापक म्हणतो अठ्ठावन्न, अधिक तीन.